सीटीहून परत येताना पेशंटचं सॅच्युरेशन उतरतं: कारण कुठे शोधायचं

लक्षण असं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा पेशंट, बोटाच्या क्लिपवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९६. खाली सीटीला नेला, तिथेही ९५-९६. स्कॅन झाला, पुन्हा ट्रॉलीवर घेतला, लिफ्टपाशी आलो आणि आकडा घसरायला लागला. ९२, ८८, ८३. वर पोचून बेडच्या व्हेंटिलेटरला जोडला की थोड्या वेळात परत ९५. फाईलमध्ये 'शिफ्टिंगदरम्यान डीसॅच्युरेशन, नंतर सुधारणा' एवढी एक ओळ पडते आणि विषय संपतो. आठवड्याभरात दुसरा पेशंट, तीच लिफ्ट, तीच ओळ.

मी वडोदऱ्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूची इनचार्ज सिस्टर आहे. राहायला दांडिया बाजारात. घरी मराठी, वॉर्डात गुजराती आणि केसपेपरवर इंग्रजी, असा दिवस जातो. आमचं आयसीयू चौथ्या मजल्यावर, सीटी तळघरात. एका पावसाळ्यात हा प्रकार इतक्या वेळा झाला की लिफ्टमन आम्हाला बघून आधीच पंखा लावायला लागला. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "पेशंट सिरियस आहे, हलवल्यावर थोडं होणारच." या वाक्याने आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या यंत्राने केलं नाही. हलवल्यामुळे होत असतं तर जातानाही झालं असतं. जाताना का होत नाही, हा प्रश्न आम्हाला पडायलाच फार उशीर झाला.

आत्ता, या क्षणी उतरत असेल तर

थांबा. लिफ्टकडे पळू नका. सीटीच्या दारातच असाल तर आत परत फिरा, भिंतीत ऑक्सिजन आहे.

मॉनिटर नंतर, आधी पेशंट. छाती दोन्ही बाजूंनी वर येतेय का, ओठ कसे दिसतात, बोटावरची क्लिप जागेवर आहे का. मग व्हेंटिलेटरपासून सोडवून अँबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घ्या. शिकताना आपल्याकडून 'डोप' हा शब्द घोकून घेतात: श्वासनलिकेतली ट्यूब सरकली, ट्यूब तुंबली, छातीत हवा साठली, यंत्र बिघडलं. पाठ करायला हा क्रम ठीक आहे, पण कॉरिडॉरमध्ये मी तो शेवटाकडून सुरू करते. बॅगवर घेतलं की यंत्राचा प्रश्न एका झटक्यात बाजूला होतो आणि बाकीच्या तिघांबद्दल हातालाच कळतं. बॅग दगडासारखी लागली तर ट्यूब तुंबलीय, दाबली गेलीय, पेशंट चावतोय किंवा छातीत हवा साठतेय. एका बाजूचा आवाज नाही आणि बीपीही पडतंय, तर एक सेकंद न दवडता डॉक्टरांचा हात छातीवर हवा. बॅग अगदीच पोकळ, काहीच अडत नाही असं वाटलं तर कुठेतरी जोड सुटलाय किंवा ट्यूब बाहेर आलीय.

कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) असेल तर सगळ्यात खरं तोच बोलतो. बोटाचा आकडा अर्धा मिनिट मागून येतो, हातपाय गार असतील तर त्याहूनही उशिरा. कार्बन डायऑक्साइडची रेघ मात्र त्याच श्वासाला सांगते. रेघ सपाट झाली तर ट्यूब बघा, जोड बघा आणि त्याच वेळी नाडीला हात लावा. रेघ हळूहळू बुटकी होतेय आणि बीपीही उतरतंय तर दोष रक्ताभिसरणात, बहुतेक बीपीच्या औषधाच्या पंपात. आणि रेघ छान, छाती दोन्ही बाजूंनी हलतेय, प्रेशर नेहमीएवढंच, तरीही सॅच्युरेशन पडतंय? मग फुप्फुसात हवा जातेय, पण त्या हवेत ऑक्सिजन नाही. हे शेवटचं चित्र नीट लक्षात ठेवा. आमच्या लिफ्टपाशी नेमकं तेच होतं आणि आम्ही ते ओळखलं नाही.

आमच्या लिफ्टपाशी काय झालं

पेशंट न्यूमोनियाचे आजोबा, व्हेंटिलेटरवर ७० टक्के ऑक्सिजन. खाली पोचलो, ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरचा पाइप सिलिंडरवरून काढून भिंतीला लावला, स्कॅन झाला. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, सिलिंडर?" मी वाकून काटा बघितला. ११०. "आहे," म्हटलं. पाइप परत सिलिंडरला जोडला, निघालो.

लिफ्टपाशी ८४. एक अलार्म वाजत होता, पण शिफ्टिंगमध्ये काही ना काही वाजतच असतं, कुणीतरी तो गप्प केला. मी बॅग घेतली, ऑक्सिजनची नळी त्याच सिलिंडरला लावली आणि दाबायला लागले. छाती हलत होती. डॉक्टर ट्यूब बघत होते, स्टेथोस्कोप लावत होते. सगळं जागेवर. आकडा ७९. कुणीतरी विचारलं, "गॅस?" आणि मीच ठामपणे सांगितलं, "भरलेलाय, आत्ताच बघितलाय."

तेवढ्यात माझं लक्ष बॅगच्या मागच्या पिशवीकडे गेलं. ती रिझर्व्हॉयरची पिशवी फुगलेली हवी. इथे ती चपटी, कोमेजलेल्या पानासारखी लोंबत होती. म्हणजे मी मन लावून पेशंटला कॉरिडॉरची हवा देत होते. खाली वाकले, काटा शून्यावर. आमचे वॉर्डातले काका खिशात हात घालून सिलिंडरची चावी काढत म्हणाले, "बेन, में तो गॅस बचाववा बंध कर्यो'तो."

गॅस वाचवायला त्यांनी सीटीत सिलिंडर बंद केलं होतं. आम्ही भिंतीवर होतो, वायसर थोडा फुसफुसत होता, माणसाने शहाणपणाच केला. आणि ही सवय त्यांना कुणी लावली? २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, जेव्हा एकेका सिलिंडरसाठी रात्र रात्र फोन चालायचे, तेव्हा मीच त्यांना बजावलं होतं की वापर नसेल तेव्हा चावी फिरवा, एक लिटर वाया जाता कामा नये. तो हुकूम मागे घ्यायला मी विसरले होते.

आता काट्याचं. सिलिंडर बंद केलं तरी रेग्युलेटरमध्ये आणि पाइपात गॅस कोंडलेला राहतो आणि काटा होता तिथेच थांबतो. चावी बंद, काटा ११०. पाइप जोडून वापर सुरू झाला की तो कोंडलेला गॅस चार-दोन श्वासांत संपतो आणि काटा शून्यावर येतो, पण तोवर आपण 'बघून' मोकळे झालेलो असतो. आमच्या ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरमध्ये टर्बाइन आहे. गॅस संपला तरी तो बंद पडत नाही, खोलीतली हवा खेचून इमानेइतबारे श्वास देत राहतो. म्हणून छाती हलते, रेघ सुंदर येते आणि माणूस निळा पडत जातो. जो अलार्म आम्ही गप्प केला तो ऑक्सिजनचा पुरवठा तुटल्याचा होता.

जुने, नुसत्या गॅसच्या दाबावर चालणारे व्हेंटिलेटर अशा वेळी सरळ थांबतात. एका अर्थी ते बरं, निदान लगेच कळतं.

यावर उपाय दोन. सिलिंडर बंद केलं तर फ्लोमीटर उघडून आतला गॅस सोडून द्यायचा, काटा शून्यावर येईपर्यंत. म्हणजे बंद सिलिंडर बंदच दिसेल. आणि निघताना काटा नुसता बघायचा नाही. गॅस वाहत असताना दहापर्यंत मोजत बघायचा. काटा स्थिर राहिला तर ठीक. थरथरत खाली आला तर चावी बंद आहे किंवा अर्धवट उघडली आहे. चावी आता कुणाच्याही खिशात नसते. साखळीने सिलिंडरच्या मानेला बांधली आहे. पहिल्या आठवड्यात दोन साखळ्या चोरीला गेल्या, ते वेगळं.

सिलिंडरचं गणित

परतीच्या वाटेवरचं दुसरं कारण साधं आहे: गॅस खरोखरच संपतो. आपण चालण्याचा वेळ मोजतो, थांबण्याचा मोजत नाही.

गणित पाचवीचं आहे. सिलिंडरच्या खांद्यावर त्याची पाणी मावण्याची क्षमता कोरलेली असते. ट्रॉलीखालचं आपलं बी टाइप साधारण १० लिटरचं, हातात धरून नेतात ते ए टाइप साधारण ५ लिटरचं. काटा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) किंवा बारमध्ये असेल तर आकडा गुणिले क्षमता म्हणजे उरलेला गॅस लिटरमध्ये. भरलेलं १० लिटरचं सिलिंडर १५० वर असलं तर १५०० लिटर. काही गेज पीएसआयमध्ये असतात, तिथे साधारण २२०० म्हणजे १५०. दोन्ही प्रकारचे गेज एकाच वॉर्डात असले की घोटाळा होतोच. आम्ही पीएसआयवाले काढून टाकले.

खर्चाची बाजू: पेशंटचा एक श्वास ४५० मिली, मिनिटाला १८ श्वास, म्हणजे ८ लिटरच्या आसपास. व्हेंटिलेटर स्वतःसाठी जो गॅस खातो तो वेगळा, यंत्रागणिक बदलतो, पुस्तिकेत दिलेला असतो. आमच्या यंत्राला मी ४ धरते. शंभर टक्क्यांवर मिनिटाला १२ लिटर झाले. शेवटचे ३० किलो मी मोजतच नाही, ती घरातली मीठ-भाकर. काटा ११० असेल तर वापरायला ८०, गुणिले १०, म्हणजे ८०० लिटर. एक तासाला पुरतं, वर पाचेक मिनिटं. पण तेच ५ लिटरचं छोटं सिलिंडर, काटा ६० वर, 'अर्धं तरी आहे ना' असं म्हणत घेतलेलं: वापरायला ३०, गुणिले ५, म्हणजे १५० लिटर. बारा मिनिटं. आमच्या लिफ्टसाठी थांबण्यातच त्यातली सात जातात.

हाय फ्लो नेझलवरचा (नाकातल्या नळीने जोरात ऑक्सिजन घेणारा) पेशंट तर विचारूच नका. मिनिटाला ५० लिटर, शंभर टक्के: भरलेलं बी टाइप अर्ध्या तासात रिकामं. अशा पेशंटला न्यायचं असेल तर कशावर न्यायचं हे डॉक्टरांनी बेडपाशीच ठरवायला हवं, लिफ्टमध्ये नाही.

सीटीत भिंतीला जोडायचं म्हणतो, तेही नेहमी जमत नाही, कारण भिंतीतल्या आउटलेटचे प्रकार वेगळे असतात. नवीन इमारतीत एक, जुन्यात दुसरा, आणि आपल्या पाइपाचा खटका भलताच. नुसत्या फ्लोमीटरवर व्हेंटिलेटर चालत नाही, त्याला चारेक बारचा दाब लागतो. आपला पेशंट जिथे जिथे जातो तिथला प्रत्येक आउटलेट एकदा, रिकाम्या वेळी, यंत्र घेऊन जाऊन लावून बघा. आम्ही एका रविवारी दुपारी हे केलं आणि पाचपैकी दोन ठिकाणी खटका बसलाच नाही. अडॅप्टर आता ट्रॉलीला दोरीने बांधलेले असतात. दिसायला कळकट दिसतं, पण जागेवर असतात.

'पांच मिनिट'

सीटीच्या टेक्निशियनला फोन केला की तो म्हणतो, "आवी जाव बेन, पांच मिनिट." वडोदऱ्यात पाच मिनिटं हे वेळेचं माप नाही, तो आदरसत्कार आहे. आपण पोचतो तेव्हा टेबलावर दुसराच कुणीतरी असतो, ओपीडीतले दोघं बाकड्यावर, आणि आपण कॉरिडॉरमध्ये सिलिंडरवर उभे. जाताना सगळे जागरूक असतात, वरातीसारखे: डॉक्टर, सिस्टर, काका, नातेवाईक. येताना डॉक्टर फिल्म बघायला मागे थांबलेले, सिस्टर फोनवर, आणि ट्रॉलीबरोबर उरतात ते काका. मांडव उठल्यावर मागे राहिलेल्या माणसासारखे. गॅसही तेव्हाच संपतो, बॅटरीही तेव्हाच.

फोनवर आम्ही आता 'या का?' असं विचारतच नाही. 'टेबल रिकामं झालं का?' असं विचारतो आणि उत्तर 'हो' असेल तरच बेडचं ब्रेक सोडतो. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २००४ च्या सूचनांमध्ये अशा पेशंटबरोबर किमान दोन जण हवेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्याकडे ते दोघं जाताना असायचे. नियम एवढाच वाढवला की ज्या जोडीने नेला तीच जोडी परत आणेल, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटबरोबर त्यातला एक जण ट्यूब पुन्हा घालू शकणारा असेल.

लिफ्टचं एक सांगते. ट्रॉली, व्हेंटिलेटर आणि तीन माणसं आत गेली की आमच्या लिफ्टमध्ये चौथ्याला जागा नाही. मग काय व्हायचं? डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येतो." वीज गेली आणि लिफ्ट मध्येच अडकली तर डॉक्टर जिन्यात आणि पेशंट डब्यात. नातेवाईक जिन्याने येतील, डॉक्टर नाही. आणि अँबू बॅग पेशंटच्या उशीपाशी, कपाटात किंवा कुणाच्या हातात नाही.

यंत्र बदलतं तो क्षण

सगळंच काही सिलिंडरमुळे होत नाही. खराब झालेली फुप्फुसं पीप (श्वास सोडल्यावरही आत राखलेला दाब) १२-१४ ठेवून कशीबशी उघडी ठेवलेली असतात. बेडच्या व्हेंटिलेटरवरून काढून ट्रान्सपोर्टवर लावताना दोन-चार सेकंद पाइप उघडा राहिला की ती फुप्फुसं मिटतात, आणि परत उघडायला वेळ लागतो. हे सोडणं-जोडणं जाताना एकदा, येताना एकदा, मध्ये बॅग घेतली तर आणखी एकदा. प्रत्येक वेळी थोडं थोडं मिटत जातं आणि हिशेब परतीला दिसतो.

आमचे डॉक्टर अशा पेशंटमध्ये श्वास आत भरलेला असतानाच ट्यूबला जाड क्लॅम्प लावतात, पाइप बदलतात आणि मग क्लॅम्प काढतात. तारेची ट्यूब असेल तर क्लॅम्प नको, ती एकदा चेपली की चेपलेलीच राहते. बॅगलाही पीप व्हॉल्व्ह लावलेला असतो. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट: ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर आयसीयूतच लावायचा आणि दहा मिनिटं तिथेच थांबायचं. तिथे उतरला तर तो खालीही उतरेल. डॉक्टरांना तेव्हा सांगता येतं, 'नको नेऊ या.'

बॅगबद्दल आणखी एक. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, हाताने बॅग दाबून माणसं जगवली. हात वाईट नाही. घाबरलेला हात वाईट. घाबरलं की आपण मिनिटाला तीस-तीस वेळा दाबतो, छातीत हवा साठते, बीपी पडतं. मी मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' म्हणत सहापर्यंत मोजते आणि मग दाबते. ज्याला व्हेंटिलेटरवर मुद्दाम जास्त रेट दिला होता त्याला अर्थात तेवढाच द्यायचा.

नळी, मान, कफ

निघण्याआधी सक्शन, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून घेणं. ओला झालेला फिल्टर बदला, विशेषतः नेब्युलायझर नुकताच दिला असेल तर. ट्यूब ओठापाशी कितीवर आहे ते मोठ्याने म्हणा, २२ तर २२, आणि टेबलावर घेतल्यावर व परत ट्रॉलीवर घेतल्यावर पुन्हा म्हणा. हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूब आत सरकते, मान मागे गेली की वर येते. फरक दोनेक सेंटिमीटरचा, पण ट्यूब आधीच खोल असेल तर तेवढ्याने ती उजव्या फुप्फुसात जाऊन बसते. सरकवताना डोकं आणि ट्यूब ज्याच्या हातात तोच 'एक, दोन, तीन' म्हणणार, दुसरं कुणी नाही. बाजूच्या रेलिंगमध्ये अडकलेला पाइप हा ट्यूब निघण्याचा नेहमीचा मार्ग, म्हणून सरकवण्याआधी एकदा हात फिरवायचा, गादीखालूनसुद्धा.

छातीत ड्रेन (साठलेली हवा-पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर क्लॅम्प करायचा नाही आणि बाटली छातीच्या खालीच. आवरून-सावरून ठेवायच्या नादात बाटली पेशंटच्या पायांमध्ये उचलून ठेवणारे फार असतात. मेंदूतल्या ड्रेनचं उलट: हलवताना बंद, पोचल्यावर कानाच्या पातळीला लावून आठवणीने उघडा. उघडायचं राहिलं तर डोक्यातला दाब वाढत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

पंप आणि प्रेशर

बीपी पडलं की बोटाचा आकडाही पडतो किंवा खोटं बोलतो, म्हणून हेही इथेच. नॉरॲडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज संपत आलेली घेऊन निघू नका, दुसरी भरून बरोबर घ्या. पंप ट्रॉलीच्या खालच्या खणातून वरच्या दांडीला टांगला की उंचीच्या फरकाने औषधाचा एक घोट आत जातो आणि बीपी उसळतं. वरून खाली आणला की थोडा वेळ काहीच जात नाही आणि बीपी बसतं. पेशंटच्या छातीच्या पातळीला एकदाच बांधा आणि परत येईपर्यंत हलवू नका.

निघताना नळीतून दिलं जाणारं फीड आपण बंद करतो, पोटातलं नळीने ओढून घेतो, बरोबरच आहे. पण इन्शुलिनचा पंप चालूच राहतो. दीड तासाने साखर उतरून पेशंट घामाने डबडबतो आणि आपण ऑक्सिजन शोधत बसतो. फीड बंद करणाऱ्यानेच इन्शुलिनबद्दल विचारायचं, असं आम्ही ठरवलंय.

बॅटरीच्या बाबतीत चार काड्या हिरव्या दिसतात त्यावर माझा विश्वास नाही. जुनी बॅटरी भरलेली दाखवते आणि दहा मिनिटांत मान टाकते. महिन्यातून एकदा मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर प्लग काढून चालवून बघा आणि किती वेळ चालले ते यंत्रावरच चिकटपट्टीवर लिहा. आमचा ट्रॉलीचा मॉनिटर रात्रभर प्लगला असायचा आणि सकाळी अर्धाच चार्ज. शेवटी कळलं, रात्री कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला तोच प्लग काढायचं. आता त्या प्लगवर लाल चिकटपट्टी आहे आणि मोबाईलसाठी शेजारी वेगळा पॉइंट काढून दिलाय. नुसती चिकटपट्टी लावून उपयोग झाला नव्हता.

एमआरआय

हा वेगळा विषय आहे, इथे एवढंच. ते चुंबक कायम चालू असतं, मशीन चालू असो वा नसो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक सिलिंडरसकट मशीनमध्ये खेचला गेला आणि दगावला. आपलं काळं-पांढरं सिलिंडर पोलादी आहे, ते दाराच्या आत नाही म्हणजे नाही. तिथली वेगळी ट्रॉली, तिथलाच व्हेंटिलेटर, लांब नळ्या. आणि काकांच्या खिशात सिलिंडरची चावी असायची ती गोष्ट आठवली की मला आजही घाम फुटतो.

जायलाच हवं का

खरं तर हे सगळ्यात आधी विचारायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे तळघराची लिफ्ट बंद ठेवली होती. त्या दोन-तीन दिवसांत सीटीच्या बऱ्याच चिठ्ठ्या आपोआप मागे घेतल्या गेल्या. कुणाचं बेडपाशी सोनोग्राफीवर भागलं, कुणाचं पोर्टेबल एक्सरेवर. एकाच पेशंटला तो खरंच हवा होता आणि त्याच्यासाठी लिफ्ट खास चालू करून घेतली. पाणी ओसरल्यावर चिठ्ठ्या पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्या. पण आता सकाळच्या राउंडला मी एवढं विचारते: आज छाती आणि उद्या डोकं असं आहे का? असेल तर एकाच फेरीत दोन्ही. आणि शक्यतो सकाळी, रात्री अडीचला नाही. यावर आमच्या एका तरुण डॉक्टरांचं नाक मुरडतं. मुरडू दे.

परत आल्यावर

इथे काम संपत नाही. बेडच्या व्हेंटिलेटरवर घेतलं की ट्यूबचा नंबर, दोन्ही बाजूंचे आवाज, पंपांचे रेट आणि ड्रेन उघडा आहे का हे बघायचं. सेटिंग जाण्याआधीचंच आहे ना हे मुद्दाम बघायचं, कारण ट्रान्सपोर्टला १०० टक्के केलेला ऑक्सिजन तसाच रात्रभर चालू राहतो. थोडं स्थिरावलं की डॉक्टर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवतात.

मग ट्रॉली. आधी ती रिकामी सिलिंडर पोटात घेऊन तशीच कोपऱ्यात जायची आणि पुढच्या इमर्जन्सीला तीच ओढली जायची. आता जी जोडी परत आली तिनेच सिलिंडर बदलायचं, प्लग लावायचे, बॅग तपासायची आणि ट्रॉलीच्या दांड्यावरच्या पाटीवर वेळ आणि काट्याचा आकडा लिहायचा. पाटी साधी, शाळेची, मांडवीतून आणलेली. खडू काकांकडे असतो. परवा मी घाईत आकडा न लिहिताच निघाले, तर त्यांनी मला दारातून परत बोलावलं आणि चावी फिरवून, फ्लोमीटर उघडून, काटा हलतो का ते दहापर्यंत मोजून दाखवायला लावलं.